टेंभुर्णीचा देवमासा

बापू, पुण्याहून आज पुन्हा फोन आला होता. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनातल्या मॅडमचा. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी हे काम करते. तुम्हाला कळलं असतं तर आधी हसला असता आणि मग गावभर सांगत फिरला असता. सध्या देवमाशाचं पुस्तक हाती आहे. मजकूर दुसऱ्या कुणाचा आहे, चित्रं माझी. सगळी पानं झाली, एकच राहिलं होतं. त्या पानावर एवढंच वाक्य आहे की आई पिल्लाला दूध पाजते. मी चित्र काढून पाठवलं, ते परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा परत. मॅडम बोलायला गोड आहेत, पण कामात सोडत नाहीत. म्हणाल्या, “पाणी सुंदर आलंय, पिल्लू तर फारच छान. पण आई पिल्लाकडे बघतच नाहीये हो. तिचं लक्ष दुसरीकडेच कुठेतरी आहे.” मी चित्र भिंतीला टेकवलं आणि लांब उभं राहून बघितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते दुरुस्त कसं करायचं हे मला सुचत नव्हतं.

पुस्तकांतले देवमासे तुम्ही बघितले नाहीत फारसे. सगळे एका साच्यातले असतात. अंग निळं, पोट पांढरं, तोंडभर हसू आणि डोक्यावर पाण्याचं कारंजं, मंगल कार्यालयाच्या दारात असतं तसं. काही जण तर त्याला भुवयाही काढतात. मीही काढल्यात. एवढा मोठा जीव पानावर मावत नाही, म्हणून त्याला लहान करावं लागतं, आणि लहान केला की तो मोठा आहे हे पोरांना कळावं म्हणून शेजारी चिमुकली होडी काढावी लागते. होडी सोडली तर बहुतेक वेळा तो एकटाच असतो. पानभर समुद्र आणि मधोमध तो, हसत. आजवर मला कुणी त्याच्याजवळ दुसरं कुणी काढायला सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सोयीचंच होतं.

पहिला देवमासा मी तुमच्या हातचा बघितला. टेंभुर्णीत बालवाडीची नवी खोली बांधली, त्या वेळी. आई जाऊन वर्षही झालं नसेल. तापानं गेली, एवढंच मला ठाऊक. मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून जिथं तुमचा रंगाचा डबा तिथं मी. दुकानांचे बोर्ड, ट्रॉल्यांच्या फळ्या, पोळ्याला बैलांची शिंगं, गावातलं रंगाचं सगळं काम तुमच्याकडंच यायचं. खोलीचा खर्च गावातल्या कापडवाल्या शेठनी उचलला होता आणि जालन्याहून येताना एक रंगीत चित्रांचं पुस्तक आणून तुमच्या हातात दिलं होतं. यातली जनावरं भिंतीवर काढा म्हणाले. तुम्ही हत्तीपासून सुरुवात केली आणि आपल्या सवयीप्रमाणं तो दणक्यात काढला. निम्मी भिंत त्यातच गेली. मग बालवाडीच्या बाईंनी पुढचं पान वाचून दाखवलं की देवमासा हत्तीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तुम्ही डोक्याला हात लावला.

“मंग आधी सांगायचं न्हाई का बाई! आता हत्ती पुसू का काय?”

हत्ती पुसला नाही. देवमासा उरलेल्या भिंतीवर सुरू झाला, कोपऱ्यात वळला आणि त्याची शेपटी शेजारच्या भिंतीवर खिडकीच्या वर जाऊन टेकली. शेपटी बघायची तर मान वळवावी लागायची. रंग काळा घेतला, कारण काळ्या अंगावरची चमक काढण्यात तुमचा हात बसलेला होता. बाई वाचत होत्या, तुम्ही रंगवत होता. बाई म्हणाल्या, हा मुळात मासाच नाही, हा पिल्लांना दूध पाजतो. तुमचा ब्रश थांबला.

“दूध पाजतो? मंग सड कुठं हायेत याला?”

पुस्तकातल्या चित्रात सड नव्हते. तुम्ही पुस्तक उजेडात नेऊन बघितलं. काढणारा विसरला असंल म्हणालात. आणि मग देवमाशाच्या पोटाखाली चार सडांची भरलेली कास काढलीत, थेट दुभत्या म्हशीची. कासेला तोंड लावलेलं एक पिल्लू काढलंत. मी खाली डब्यापाशी बसून बघत होते.

“कसं हाये गं माय?” तुम्ही विचारलंत. मला तुम्ही मायच म्हणायचात.

“ते पिल्लू मी हाये का?”

तुम्ही ब्रशचं टोक लाल रंगात बुडवलंत आणि पिल्लाच्या कपाळावर टिकली टेकवलीत, माझ्या कपाळावर होती तशी. मी किती सुखावले ते आजही सांगता येणार नाही. मला आई परत मिळाली होती, आणि ती हत्तीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी गाव बघायला लोटलं. खिडकीतून डोकावून एक जण म्हणाला, “पेंटर, समुद्रात म्हैस सोडली का?” बाकीचे फिदीफिदी हसले. तुम्हीही हसलात. मग शेठ आले. ते वाईट माणूस नव्हते, पण लोक हसलेले त्यांना खपत नसे.

“पेंटर, हे काय काढून राह्यले तुम्ही? लहान लेकरांची शाळा हाये. हे बराबर दिसत न्हाई.”

“शेठ, पुस्तकातच लिव्हलंय. सडाबिगर दूध कुठून येईल?”

“ते मला म्हाईत न्हाई. उद्घाटनाला साहेब येणार हायेत. जल्दी झाकून टाका.”

तुम्ही वाद घातला नाहीत. निळा डबा उघडलात आणि समुद्र वर चढवलात. आधी कास गेली, मग पिल्लाचं शेपूट, मग टिकली. काळी पाठ आणि डोळा तेवढा पाण्यावर राहिला. मला रडू फुटलं.

“बापू, पिल्लू बुडालं!”

तुम्ही शिडीवरून उतरता. माझ्या फ्रॉकला रंग लागू नये म्हणून दोन्ही निळे हात लांब धरता आणि माझ्यासमोर उकिडवे बसता. “न्हाई माय. बुडालं न्हाई. तिच्यापाशीच हाये ते. वरून दिसत न्हाई, एवढंच.” माझा विश्वास बसला. बालवाडी सुरू झाल्यावर मी रोज बरोबर त्या जागी पाठ टेकून बसायची, आणि बाईंनी कितीही उठवलं तरी जागा सोडायची नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी औरंगाबादला चित्रकलेचा डिप्लोमा करत होते. पुढं जालन्यात शाळेत लागले, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, आणि तिथंच आहे. लग्न झालं नाही. का झालं नाही, त्याची कारणं सांगायचा आता मलाच कंटाळा येतो. शाळेत पोरांचा एवढा गलका असतो की सुटल्यावर शांतता बरी वाटावी, पण वाटत नाही. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, कपभर चहा टाकायचा. एकटं वाटतं, बापू. पूर्वी हे मी स्वतःशीही मान्य करत नसे.

चित्र दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा मी देवमाशांचे फोटो बघायला इंटरनेट कॅफेत गेले. तिथं वाचलं की त्याच्या मादीला खरोखरच सड असतात. पोटाखालच्या घडीत लपलेले, पाजायच्या वेळी बाहेर येतात. चार नव्हे, दोन. आणि कास काही लोंबत नाही, तेवढं तुमचं चुकलं. मला इतकं हसू आलं की आजूबाजूचे लोक बघायला लागले. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि सांगण्याजोगं माणूस मला आठवेना. हसू तिथंच आटलं. पैसे देऊन घरी आले.

अडचण सडांची नव्हतीच. अडचण डोळ्याची होती. आई आपल्या लेकराकडे कशी बघते हे मला काढायचं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिचा जो एकमेव फोटो आहे, त्यात ती फोटोवाल्याकडे बघते, तेही जराशी घाबरून. मी तेच काढत होते की काय, देव जाणे. मी शाळेतल्या आया बघितल्या, बसस्टँडवरच्या बघितल्या. कुणाच्याही मांडीवरच्या पोराकडे अशी टक लावून बघणारी बाई लोकांना चमत्कारिक वाटत असणार.

मग एका रविवारी दुपारी मी नुसतीच खिडकीत उभी होते, आणि मला तुम्ही दिसलात. टेंभुर्णीच्या बाजारातल्या एका दुकानाची पाटी रंगवताना, शिडीच्या वरच्या पायरीवर. मी रस्त्याच्या पलीकडे, हातात तुमच्या भाकरीचं फडकं. ब्रश दातात धरलेला, म्हणून तुम्हाला हाक मारता येत नाही. एका हातानं शिडी धरून तुम्ही खाली बघताय. हसत नाही, खुणावत नाही, नुसते बघताय. बैलगाडी जाते, एसटी जाते, मी अलीकडे येते, दुकानाच्या पायरीवर चढते. तेव्हा कुठं तुम्ही पुन्हा पाटीकडे वळता. असं तुम्ही रोज बघायचात. मला वाटायचं तुम्ही भाकरीची वाट बघताय.

देवमाशाचा डोळा जबड्याच्या कोपऱ्याशी, बराच खाली असतो. पिल्लू त्याच्याही खाली. म्हणजे आईला वरूनच बघावं लागतं. मी शाळेला सुट्टी टाकली, तुमच्या सवयीचे तेलाचे रंग काढले आणि तो डोळा रंगवला. पाणी या वेळी तळापर्यंत स्वच्छ ठेवलं, सगळं दिसेल असं. जमलं, बापू. कुणी सांगायची गरज नाही, मला कळलं की जमलं. गेले कितीतरी दिवस ते चित्र समोर टेबलावर उभं आहे. मी आत-बाहेर करते, भांडी घासते, वह्या तपासते, आणि घरात कुणीतरी मी सुखरूप पोचेपर्यंत माझ्याकडे बघत असतं.

मॅडमनी आज विचारलं, पुस्तक छपाईला अडलंय, पाठवताय ना? मी म्हटलं, तेलरंग आहेत, पावसाळी हवा आहे, अजून ओलं आहे. रंग कधीचाच वाळलाय, बापू.