नवव्या फर्म्यातला खून

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोज लिहायचं. मनावर ताबा येतो म्हणतात. माझा आहेच, पण वाढला तर वाईट नाही.

बाइंडिंग खात्यात पुन्हा वाचनाचं खूळ शिरलंय. एका कादंबरीचा एक संच जास्तीचा छापला गेला. शिलाई न करता सुटाच ठेवलाय. सोळा पानांचा एक फर्मा. एकाने वाचला की शेजारच्याला द्यायचा आणि पुढचा उचलायचा. या शनिवारी काम संपल्यावर चहाबरोबर सगळ्यांनी आपलं मत सांगायचं. विनोदी थरारकथा आहे म्हणे. खून आणि विनोद! सुपरवायझर या नात्याने मी बंदी घालू शकलो असतो. नाही घातली. मन मोठं लागतं.

मंगळवार, ४
बंदी घालायची की नाही हे ठरवायला आधी वाचायला हवं. शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, साहेब, पहिला फर्मा पॅकिंगवाल्यांकडे गेलाय, परत आला की देते, ओळीनेच वाचा. मी काय रांगेत उभा राहू? टेबलावर पडला होता तो उचलला. नववा निघाला. अनुभवी वाचकाला सुरुवात लागत नाही.

संध्याकाळी
वाचला. साबणाच्या कारखान्यातला एक मॅनेजर. चष्मा, टक्कल, उठसूट खात्यातून फेऱ्या. कामगारांनी त्याला संपवायचं ठरवलंय. प्रत्येकाने थोडंथोडं करायचं, म्हणजे खुनी असा कुणीच नाही. एक जण त्याच्या खुर्चीचा स्क्रू सैल करतो. दुसरा चहात काहीतरी टाकतो, तेही चिमूटभरच.

मला चष्मा आहे. टक्कल नाही, कपाळ मोठं आहे. फेऱ्या मारतो.

विनोद कुठे होता ते कळलं नाही.

बुधवार, ५
घाबरलेलो नाही. खुर्ची फक्त तपासली. करकरते. आधीपासून करकरते की कालपासून, आठवेना. दिवसभर उभा राहिलो. पाठीला चांगलं असतं. बाईंनी विचारलं, साहेब, आज बसत का नाही? त्यांना का पडलंय?

दुपारच्या सुट्टीत बाई आपला फर्मा वाचत होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फुटल्या.

दहावा मिळवायलाच हवा. त्या मॅनेजरचं पुढे काय होतं ते कळलं तर सावध राहता येईल. दहावा खळ लावणाऱ्या काकांकडे आहे. मागितला तर म्हणतात, मधूनच वाचून मजा घालवू नका साहेब. मजा!

गुरुवार, ६
चहा घेतला नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून खळीच्या बादलीत ओतला. खळ पातळ झाली, मुखपृष्ठं सुटून आली. काकांना झापलं. पुरावा नव्हता, पण अधिकार होता.

एरवी मी कटिंगवाल्या दादाच्या पाठीशी उभा राहून सूचना देतो. आज त्या पात्याच्या आसपास फिरकलो नाही. दारातूनच ओरडून सूचना दिल्या. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेल्या नसाव्यात. काम मात्र वेळेआधी झालं. माझा धाक दुरूनही चालतो.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, अहो, तुम्हाला कोण कशाला मारेल? त्या मॅनेजरची बायकोही नवव्या फर्म्यात नेमकं हेच म्हणते. रात्री पाणी स्वतःच्या हाताने भरून घेतलं.

शुक्रवार, ७
आजारपणाची रजा, न कळवता घेतलेली. आजारी नाही, डावपेच आहे. खात्यातून चौकशीचा फोन येणार, आवाजावरून मी गुन्हेगार ओळखणार, असा प्लॅन.

फोन आला नाही.

दुपारी मीच केला. बाईंनी उचलला. म्हणाल्या, साहेब, केबिनमधून फोन कशाला करताय, बाहेर या ना. म्हणजे मी आलेलोच नाही हे माहीत नसल्याचं सोंग! सगळे कसे एकाच सुरात. फोन ठेवून दिला. दाराला आतून कडी लावून बसलो. ही वैतागली. तिला भाजी आणायला जायचं होतं.

शनिवार, ८, सकाळी
ठरलं. आज सगळ्यांसमोर कट उघडा पाडायचा. भित्रा माणूस लपतो, मी भाषण लिहिलंय. निघताना हिला सांगितलं, मी परत आलो नाही तर पोलिसांकडे जा. ती म्हणाली, येताना ब्रेड आणा.

संध्याकाळी
कटिंगच्या टेबलाभोवती सगळे जमले. कादंबरी सगळ्यांची वाचून झालेली, माझी सोडून. बाई म्हणाल्या, निम्म्यापर्यंत पोट धरून हसले, मग हसल्याचीच लाज वाटली, असं पुस्तक बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. काकांचं मत, पोलीस आल्यावर फार पाल्हाळ लावलाय.

मी उठलो. म्हटलं, मला सगळं कळलंय. खुर्ची, चहा, फोन, सगळं. तो मॅनेजर म्हणजे मीच. माझ्या जिवावर कोण उठलंय त्याने पुढे यावं.

जो हशा पिकला! काका टेबल बडवत म्हणाले, आजचं सगळ्यात झकास परीक्षण साहेबांचं. मी ओरडलो, मी गंमत करत नाहीये. आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण काकांनी टेबल बडवायचं थांबवलं.

बाईंनी मला धरून बसवलं. दादा शेजारी येऊन बसला. म्हणाला, शप्पथ साहेब, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. त्या मॅनेजरवाचून तिथे पान हलत नव्हतं, तो असेपर्यंत कुणाला मोकळा श्वास घेता येत नव्हता, म्हणून त्यांनी ते केलं. तुमचा आम्हाला काही म्हणजे काहीच त्रास नाही. तुम्ही असलात काय...

बाईंनी त्याला कोपराने ढोसलं. मग सगळ्यांनी भराभर चहा संपवला.

रविवार, ९
जिवाला धोका नाही. खात्री झाली. भीती जायला हवी होती. गेली नाही, उलट वाढलीय.

दादाचं ते वाक्य सकाळपासून निरनिराळ्या तऱ्हांनी पूर्ण करून बघतोय. एकाच तऱ्हेने पूर्ण होतं.

उद्या लवकर जायचं आणि काहीतरी अडवून धरायचं. काय, ते अजून सुचलेलं नाही.