बोटभर जाडीची भिंत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, तो चालवून घे). तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं उरकून घेतलंस, की अजून डॉक्टरांना पुढच्या महिन्यावर झुलवते आहेस? भाऊजींची तब्येत उत्तम असणार, ती बिघडल्याचं मी कधी ऐकलं नाही. इथे सर्व क्षेम. घरात माणसं होती तितकीच आहेत, फक्त एक भिंत कमी झाली.

माझ्या आणि चिरंजीवांच्या खोल्यांमधली भिंत तुला आठवत असेल. लाकडी पट्ट्यांवर दोन्ही अंगांनी चुन्याचा गिलावा, चांगली वीतभर जाड, मध्ये जराशी पोट सुटलेली (या वयात कुणाचं सुटत नाही?). तिला एक चीर पडली. अशी चीर बुजवायला थोडा चुना आणि शांत डोकं पुरतं. आपल्याकडे चुना मिळाला असता. चिरंजीवांनी एका इंटिरिअरवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ डॉक्टर छातीवर वाजवतात तसा भिंतीवर बोटांनी वाजवतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "ही गेलीय, आजी." मी त्याची आजी कशी? त्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरं होतं, आणि तेव्हा तर अजून धूळही उडालेली नव्हती. पुढे ही गेलेली भिंत पाडताना दोन धडधाकट माणसं पहारी घेऊन घामाघूम झाली. मी दारात उभं राहून, गेलेलीला इतकं का मारता, एवढंच विचारलं, तर चिरंजीवांनी मला हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं. घरात आठवडाभर चहालासुद्धा चुन्याची चव होती.

मग नवी भिंत आली. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याला अलीकडून-पलीकडून बोटभर जाडीचे जिप्समचे बोर्ड आणि पोटात नुसती हवा. सरळ आहे, गुळगुळीत आहे, कशालाही नाही म्हणत नाही. इंटिरिअरवाल्याने जाताना, "आजी, हिला काही टांगायचं असलं तर मला विचारा," असं बजावलं होतं. एक आरसा टांगायला मी याला विचारू? जुन्या भिंतीत खिळा मारायचा तर ती आधी तीन खिळे वाकवायची, मग चौथ्याला जागा द्यायची. त्या हिशेबाने मी हातोडा उचलला. खिळा पहिल्याच घावाला गेला, त्याच्या मागोमाग हातोडा गेला, आणि माझं मनगटही गेलं असतं, बांगडीमुळे राहिलं. हातोडा आतल्या पोकळीत पडला तो पडलाच. तेवढ्यात भोकातून सूनबाईंचा शांत आवाज आला, "काही हवंय का, आई?"

खरं दुखणं इथेच आहे, ताई. भोक बुजवलं, पण आवाज थांबले नाहीत. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली. अख्ख्या गावाची बोलणी माझ्या हाताखालून गेली, पण मी कधी कान दिला नाही (एक-दोन साखरपुडे मोडले तेवढे सोड). आणि आता घरबसल्या मला ऐकू येतं, सूनबाई तिच्या आईला सांगत असते, की मी भांडी पुन्हा विसळते ते तिच्या विसळण्यावर माझा विश्वास नाही म्हणून. (नाहीच आहे. पण ते मी तुला फोनवर सांगत होते, तिला नव्हे.) इतकी वर्षं आम्ही दोघी एका घरात हसतखेळत राहिलो, त्याला लोक आमचे स्वभाव कारणीभूत समजत. कारण वीतभर चुना होता. अलीकडे मी तुझ्याशी मन मोकळं करायचे, पलीकडे ती तिच्या आईशी, आणि जेवायच्या वेळी दोघी हलक्या होऊन बाहेर यायचो.

आता तिलाही कळलंय की मला ऐकू येतं. परवा ती तिच्या आईला सांगत होती, "अगं, आमच्या आईंसारखं माणूस शोधून सापडायचं नाही." हे एवढ्या स्पष्ट उच्चारात, की मला दुपारी झोप लागली नाही. मीही मग शेजारणीला मोठ्या आवाजात सुनेचं कौतुक सांगितलं. शेजारीण घाबरून माझ्या कपाळाला हात लावून गेली. महिनाभर या घरात कुणी खरं बोललेलं नाही. असंच चाललं तर आमच्यात कायमची तेढ पडेल.

राहता राहिली स्वयंपाकघराची भिंत. सूनबाई हल्ली फोन घेऊन तिच्या पलीकडे जाते, आणि ती गेली की मी इकडे तुला फोन लावते. सोमवारी इंटिरिअरवाला तीही पाडणार आहे. तिला चीरही नाही. "सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, आजी."

बाकी सगळं उत्तम. काळजी नसावी.

तुझी,
अजून पाडायची राहिलेली धाकटी

ता. क. : रविवारी चिरंजीवांना फोन करून ती भिंत वाचव. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकतो, कारण लहानपणी त्याला तू एकदा धोपटलं होतंस. मी सांगितलं म्हणू नकोस.

ता. क. २ : लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, ही आपल्या शाळेतल्या सिस्टरांची शिस्त तुला ठाऊकच आहे. वाचून झाल्यावर बोर्डातून सूनबाई म्हणाली, "मावशींना फोन सकाळी करायला सांगा, आई. दाढी करताना हे कशालाही हो म्हणतात. आणि माझंही नाव नको." महिन्यातलं पहिलं खरं वाक्य. मला भरून आलं.

ता. क. ३ : चिरंजीव कामावरून लवकर आले होते आणि तिच्या शेजारीच बसले होते. मग त्यांनी विचारलं, "मी नसताना तुम्ही दोघी माझ्याबद्दलही बोलता?" आम्ही दोघी एकदम, एका सुरात, "छे!" म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे इंटिरिअरवाल्याला फोन लावलाय. स्वयंपाकघराला हात लावू नका म्हणताहेत, आणि इथली भिंत पुन्हा पहिल्यासारखी जाड करायला किती दिवस लागतील ते विचारताहेत.