कलम एकेचाळीस

४ जून
आज पुन्हा दोन्ही सैन्यं मीच हलवली. डावीकडचे रथ, उजवीकडचे हत्ती. फासेही मीच टाकले, दोन वेगळ्या पेल्यांतून — तेवढाच प्रामाणिकपणा! हत्ती जिंकले. कुणाला सांगणार?

५ जून
पुरवणी लिहायला घेतली. मूळ नियमपुस्तक नऊ वर्षांपूर्वी मी आणि दातवाल्याने, म्हणजे माझ्या दातांच्या डॉक्टर मित्राने, मिळून केलं होतं. शिशाचे बोटभर सैनिक टेबलावर मांडून जुन्या काळच्या लढाया कशा खेळायच्या, कोण किती इंच पुढे जाणार, सेनापती पडला तर कोण पळणार. नंतर तीन पुरवण्या. एकेका नियमावर तासन्‌तास भांडलो. ही चौथी माझ्या एकट्याची. भांडायला कुणी नसलं की काम झपाझप होतं! छे, झपाझप कसलं. सकाळपासून धनुर्धाऱ्यांच्या एका ओळीवर अडलोय.

९ जून
मंगळवार. दर मंगळवारी तो दवाखाना लवकर बंद करून पाचला यायचा. दुसरी खुर्ची भिंतीकडे सरकवली. मग परत आणून ठेवली.

१२ जून
इथे तरी खरं लिहावं. फेब्रुवारीत रथ हलवताना त्याने शेजारच्या तुकडीला धक्का दिला, ती अर्धा इंच पुढे गेली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, चोरी करायचीच तर मोठी तरी कर!" माझा जन्म जमिनी मोजण्यात गेला. अर्धा इंच मला लांबून दिसतो. त्याने हात खिशात घातले आणि निघून गेला, सैन्य इथेच टाकून. चार महिने झाले. फोन नाही. मी का करावा? चूक त्याची.

१५ जून
कलम एकेचाळीस लिहिलं. 'धक्का लागून सैनिक जागचा हलल्यास त्या तुकडीची पाळी गेली. कोणतीही सबब चालणार नाही.' तीनदा वाचलं. झकास जमलंय! त्याचं नावही घ्यावं लागलं नाही.

१८ जून
छत्तीस प्रती पोस्टात टाकल्या, गावोगावच्या खेळणाऱ्यांना. त्यालाही एक. मुद्दाम. एकेचाळीसच्या खाली पेन्सिलीने रेघ मारून.

२० जून
दाढ ठणकतेय. ओळखीचा दातांचा डॉक्टर एकच. मेलो तरी जाणार नाही.

२३ जून
गेलो. गाल सुजून भोपळा झालाय, काय करणार! दवाखान्याला कुलूप. पाटी काढलेली, भिंतीवर नुसती चार भोकं. खालचा औषधवाला म्हणाला, "डॉक्टरांनी मार्चमध्येच बंद केला की. हात थरथरतो ना त्यांचा. तुम्हाला माहीत नाही?"
गोळ्या काउंटरवरच विसरून आलो.

२४ जून
अर्धा इंच दिसला. हात दिसला नाही. समोर बसून दिसला नाही मला! आणि वर ते छापून छत्तीस घरी पाठवलं. लाज वाटते. दिवसभर काही खाल्लं नाही, दाढेमुळे नव्हे.

२५ जून
त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कप अर्धाच भरते त्यांचा," म्हणाल्या, "सांडतो म्हणून चिडतात." आत तो पुरवणी घेऊन बसलेला. नेमकं तेच पान उघडं. 
"नियम बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "भाषा मात्र कारकुनी."
मला रडू आलं, अगदी त्याच्यासमोर. तो मग म्हणाला, "गाल केवढा सुजलाय! इतके दिवस काय करत होतास, गाढवा?"

२७ जून
सगळ्यांना शुद्धिपत्र पाठवलं. 'कलम एकेचाळीस रद्द. नवे कलम: खेळाडूने चाल सांगावी. त्याची इच्छा असल्यास सैनिक समोरच्याने हलवावेत.' मसुदा आधी त्याला फोनवर वाचून दाखवला. पाऊण तास भांडला.

३० जून
मंगळवार. आज पुन्हा दोन्ही सैन्यं मीच हलवली. हत्ती हरले. शेवटच्या चालीला दातवाला अर्धा इंच जास्त मागत होता. दिला नाही.