पाच जणांची होडी

पडेगाव

प्रिय मृण्मयी,

माझ्या पत्राचं तुला नवल वाटेल, कारण फोनवर मी चार शब्दांत आटोपतो. पण आज जीव इतका विटलाय, की फोनवर बोललो असतो तर शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या असत्या.

तुझे भाऊ होडी घेताहेत. हसू नकोस. इथे आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, मी भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालतो, आणि अमेय-केयूर सुटीला सहकुटुंब जायकवाडीच्या पाण्यावर विहार करणार! ॲल्युमिनियमची होडी, गाडीमागे जोडून नेता येईल अशी. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. चहाला होडी, जेवताना होडी. मला तर आमटीलाही पत्र्याची चव यायला लागली.

शेवटी बिडकीनजवळच्या एका कारखान्यात दोन होड्या बघायला आम्ही पाचही जण गेलो. दोन मुलगे, दोन सुना आणि मी. एक होडी अरुंद, टोकदार, पाच जणांची. दुसरी सपाट बुडाची, रुंद, आठ जण ऐसपैस बसतील अशी. दोन्ही विटांवर टेकवलेल्या. आणि आमची शहाणी मंडळी भर उन्हात, कोरड्या जमिनीवर, नारिंगी जाकिटं घालून त्यांत बसली! सुनांनी गॉगल लावून फोटो काढले. केयूर हवेत वल्हं मारत होता. कारखान्यातली माणसं तोंडाला रुमाल लावून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथला कारागीर फकिरा भला माणूस. "काका, घरची समदी मानसं न्यायची तर रुंदच घ्या, लई हेलकावत नाय," म्हणाला. मलाही ती पटली. पण अमेयला ती जड वाटली. केयूरला ती म्हशीच्या हौदासारखी दिसली. मी म्हटलं, हौद तर हौद, उलटणार तर नाही ना? त्यावर तुझी धाकटी वहिनी अश्लेषा खाऊचा डबा उघडता उघडता अगदी सहज बोलून गेली, "बाबा, मोठी घेतली की रिकामी जागा दिसते. मग ताईंना आणि त्यांच्या घरच्यांना बोलवावंच लागतं."

कुणी तिला अडवलं नाही, मृण्मयी. अमेय खाली मान घालून बाकरवडी खात राहिला.

मला शिसारी आली. तू एका बौद्ध घरात लग्न केलंस, त्याला इतकी वर्षं झाली. तोंडावर सगळे गोड. चौदा एप्रिलला तुम्हाला न चुकता शुभेच्छा पाठवतात, तुझ्या संघपालच्या नोकरीचं चारचौघांत कौतुक करतात. आणि एका होडीत मांडीला मांडी लावून बसायची वेळ आली की यांना होडी जड होते! जात काढायची लाज वाटते, म्हणून लांबी-रुंदी काढतात. मी असली माणसं वाढवली, या विचाराने त्या दिवसापासून घास उतरत नाही. तुझी आई असती तर तिने दोघांना तिथेच कानाला धरून खाली उतरवलं असतं. मी नुसता भांडलो, आणि त्यांनी अरुंद होडी ठरवली.

येत्या रविवारी सकाळी ती पैठणला पाण्यात उतरणार आहे. आणि घरातल्या थोरल्याच्या हातून नारळ फुटल्याशिवाय तुझे भाऊ तिच्यात पाय ठेवणार नाहीत, तेवढे ते देवभोळे अजून आहेत. म्हणून हे पत्र. तू, संघपाल, माझी नात रूपा आणि तुझ्या सासूबाई, सगळे काठावर या. कडूबाईंना माझा नमस्कार सांग आणि आग्रहाने आण. तुम्ही दिसेपर्यंत नारळ माझ्या पिशवीतून बाहेर येणार नाही, मग ऊन डोक्यावर येवो. पहिली फेरी आपली. वल्ही संघपालकडे द्यायची, तो त्याच पाण्यात पोहायला शिकलाय. त्यांना हवी तशीच होडी त्यांनी घेतली आहे, बरोबर पाच जणांची. मला धरून आपणही पाचच होतो.

वाट बघणारा,
तुझाच,
बाबा