इंजिनघराचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, किनाऱ्याच्या संरक्षणातून निवृत्त होऊन संग्रहालय झालेल्या पाणबुडीची देखभाल अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. बिघाड यकृतात आहे. कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायला वेळ मिळेल, असं डॉक्टरांना वाटत नाही.

१. धक्क्यासमोरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. बाबा हयात असेपर्यंत त्यांनी तिथेच राहावं. नंतर त्या धाकट्या भावाच्या. बँकेतली शिल्लक बाबांच्या औषधपाण्यासाठी. तिकीट खिडकीवरच्या मावशी ती सांभाळतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

२. पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र आणि हत्यारांची पेटी संग्रहालयाला. संचालकांना वैयक्तिक काहीही नाही. मी गंज खरवडायला सांगितलं, त्यांनी वरून काळा रंग मारला. "अहो, लोक इथे फोटो काढायला येतात, पाण्याखाली जायला नाही," म्हणाले. पाणबुडी जागेवर बुडाली तर फोटो चांगला येईल.

३. बाबांविषयी. याच पाणबुडीच्या इंजिनघरात त्यांची सगळी नोकरी झाली. आता त्यांना घर आठवत नाही, आम्ही दोघं आठवत नाही, झडपा आठवतात. रोज सकाळी लोक यायच्या आधी मी त्यांना आत नेते. ते आपल्या जागेवर उभे राहून म्हणतात, "मागची झडप बंद." मी पुढच्या दाराशी उभी राहून म्हणते, "मागची झडप बंद." शब्दशः. पाणबुडीवर नुसतं 'हो' चालत नाही. ऐकलेलं परत म्हणावं लागतं, नाहीतर ऐकलं असं धरत नाहीत. सगळ्या झडपा झाल्या की त्यांचा चेहरा सैल होतो. मग ते घरी येऊन मुकाट्याने जेवतात. ज्या दिवशी हे होत नाही, त्या दिवशी जेवत नाहीत.

४. भावाला. तू एकदाच आलास. "हो हो बाबा, झाली बंद, चला आता," म्हणालास. ते हलले नाहीत. तू दंड धरून ओढलंस, तेव्हा म्हणाले, "कोण रे तू? उतर माझ्या बोटीवरून." त्यानंतर तू फिरकला नाहीस. "ओळखतच नाहीत, तर येऊन काय करू?" असं फोनवर म्हणतोस. मलाही ओळखत नाहीत. मला ते "पोरा" म्हणून हाक मारतात आणि मी "आलो" म्हणते.

तुझ्यावरचा राग कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून इथेच सोडते. खोल्यांना अट घातलेली नाही. अटीपायी आलेला माणूस बाबांच्या उपयोगाचा नाही.

५. मी गेल्याचं बाबांना सांगू नये. ते विचारतील, "तो पोरगा कुठे गेला?" बदली झाली म्हणावं. बदल्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत, मनाला लावून घेत नाहीत. फक्त लगेच विचारतील, "आणि कामाचा ताबा कोणाला दिला?"

त्या वेळी कोणीतरी समोर असावं आणि "मला" म्हणावं. मावशी म्हणतील, त्यांनी तसा शब्द दिला आहे. पण तू म्हणावंस, असं मला वाटतं.

(सही)

ठिकाण: संग्रहालयाचं कार्यालय, धक्का
दिनांक: ९ फेब्रुवारी

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली:
१. उपचार करणारे डॉक्टर (सही)
२. संग्रहालयाचे संचालक (सही). यात त्यांना काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार चालतात.