याहून हळू नाय

प्रिय आप्पा,

उद्या जयंतीची मिरवणूक. तुमच्या वहीतला एक शब्द हवा होता, म्हणून आज ट्रंक उघडली. शब्द सापडला, पण तुम्हाला लिहिल्याशिवाय वही मिटवेना.

कल्याणच्या बँडमास्तरांकडे तुम्ही क्लॅरिनेट शिकलात आणि हे इटालियन शब्द मुरबाडच्या एसटीतून आपल्या वस्तीत आणलेत. 'अदाजिओ – सावकाश. लार्गो – ऐसपैस. ग्रावे – जड.' पानाच्या तळाशी, 'लार्घिस्सिमो – याहून हळू नाय.'

लहानपणी मला तुमचा राग यायचा. वरातीत आम्ही नाचायला अधीर, आणि वरची आळी आली की तुम्ही मागे वळून म्हणायचात, "लार्घिस्सिमो घ्या रे." बँडची पावलं ठोक्यावर पडतात आणि वरात बँडमागे चालते. अख्खी वरात मुंगीच्या चालीनं निघायची. ओट्यावरून हाक यायची, "मास्तर, उरका लवकर." तुम्ही क्लॅरिनेट ओठांवरून काढून हसायचात. "चालच तशी हाय, मालक. कागदावर लिवलंय."

याच आळीतून तुमच्या वडिलांना वाजप बंद करून, मान खाली घालून, भराभर जावं लागायचं, हे आईनं मला फार उशिरा, तुम्ही गेल्यावर सांगितलं. एवढ्या शब्दांचे अर्थ लिहिलेत, मग हा अर्थ का नाही लिहिलात?

तो मला तेव्हा ठाऊक नव्हता. तुमच्या अंत्ययात्रेत त्याच आळीत कुणी म्हणालं, "ताई, जरा लवकर घ्या, गाड्या अडल्यात." आणि मी मान हलवली. ढोलवाल्या शंकरकाकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठोका वाढवला. पहिल्यांदाच तुम्ही त्या आळीतून घाईनं गेलात, आप्पा. माझ्या होकारानं.

काल वरच्या आळीकडून पुन्हा निरोप आला. आळीतून पाच मिनिटांत बाहेर पडा. वस्तीतले काही म्हणाले, "कशाला वाद?" वाद कोण घालतंय? आपल्याला फक्त वाजवायचंय.

शंकरकाका म्हणाले, "हात थरथरतात गो आता, फास्ट नाय जमायचं."

"फास्ट कोण मागतंय, काका?"

ते कितीतरी वेळ हसत होते.

उद्या विहारापासून निघू. झांजा माझ्या हातात असतील. आळीच्या तोंडाशी मी मागे वळेन आणि तुमचा शब्द सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणेन. पहिलं पाऊल पडेल. दुसरं आमच्या सवडीनं.

तुमची,
सुमन