गच्ची सगळ्यांची

अण्णा, आपल्या बिल्डिंगवर सोलर बसणार नाही. गेल्या रविवारी जनरल बॉडीत ठराव पडला, आणि तो कसा पडला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात तुमच्याशी बोलण्यासारखं पुष्कळ घडलं, पण विषय वायरिंगचा असला की दुसऱ्या कोणाशी बोलण्यात राम नसतो. ऑफिसात, म्हणजे भांडुपच्या औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये, मी हे रडगाणं सुरू केलं की लोक म्हणतात, अहो मॅडम, मुंबईत लाईट जाते कुठे? खरंय. मुलुंडला लाईट फारशी जात नाही. पण जाते तेव्हा आई चौथ्या मजल्यावर असते, आणि ते त्यांना कसं कळणार?

आई आता ब्याऐंशीची आहे. फुप्फुसं थकलीत, त्यामुळे दिवसातले पंधरा-सोळा तास तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन ओढतं आणि विजेवर चालतं. गेल्या मे महिन्यात रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. सकाळी दहाला लाईट गेली ती दुपारी चारला आली. घरातला जुना इन्व्हर्टर दीड तासात कुंई करून मेला. मग छोटा सिलिंडर लावला आणि त्याचा काटा खाली सरकताना बघत बसले. वारा कांजूरकडचा होता. खिडकी उघडली की डम्पिंगचा वास, बंद केली की आई घामानं निथळायची. तुम्ही गेल्यावर बसवलेली लिफ्ट मधेच लटकलेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार जिने खाली नेलं. प्रत्येक वळणावर आई कठडा धरायची आणि सोडायचीच नाही. मी तिची बोटं एकेक करून सोडवत होते. तीन दिवस हॉस्पिटलात काढून ती घरी आली. तेव्हापासून मी ऑफिसातून तासातासाला फोन करते. आईला सांभाळणाऱ्या मावशी आता हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, "आहे लाईट" एवढंच म्हणतात आणि ठेवतात.

म्हणून मी सोलरच्या मागे लागले. गच्चीवर पॅनल, खाली मीटररूमशेजारी मोठी बॅटरी, आणि लाईट गेली तर त्या बॅटरीवर लिफ्ट आणि प्रत्येक घरात एक पॉइंट, एवढं माझं म्हणणं. ठाण्याहून एक इंजिनीयर मुलगी आली. तिनं गच्ची टेपनं मोजली, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूनं आखलं. शेजारची बिल्डिंग पाडून बावीस मजल्यांचा टॉवर झालाय, तो दुपारी तीननंतर आपलं ऊन खातो. तरी ती म्हणाली, "मॅडम, सकाळचं ऊन भरपूर आहे, काम होईल." मग तिनं विचारलं, बॅटरी हवीच आहे का? मला वाटलं, काय प्रश्न आहे! पण तिनं समजावलं की बहुतेक सोसायट्या नुसते पॅनल लावतात, बिल कमी करायला. बाहेरची लाईन गेली की हे पॅनलही आपोआप बंद होतात, भर उन्हात. मी म्हटलं, हा कुठला न्याय? तर म्हणाली, "लाईनवर कोणी काम करत असेल ना, मॅडम. आपण वरून वीज सोडली तर तो माणूस जाईल."

अण्णा, मी तिच्याकडे बघतच राहिले. मी नऊ वर्षांची आहे. हेच स्वयंपाकघर, अंधार, आणि तुम्ही स्टुलावर उभे राहून फ्यूजची तार बदलताय. मी खालून टॉर्च धरलाय. लोंबणारी एक वायर मला दिसते आणि लाईट तर गेलीय ना, म्हणून मी हात लावायला जाते. फाडकन तुमची चापट माझ्या मनगटावर बसते. टॉर्च पडतो. "लाईट गेली म्हणजे वायर मेली असं समजायचं नाही," तुम्ही ओरडता. "पलीकडून कोण कधी चालू करील, तुला काय माहीत?" तुमच्या मिलच्या वायरमन खात्यात तुमच्या शेजारचा माणूस तसाच गेला होता, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी नुसती रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मिलमधून येताना पिवळ्या मुठीचा एक टेस्टर आणून माझ्या दप्तरात ठेवलात. पोरीला कोणी टेस्टर देतं का, म्हणून आई हसत होती. अजून माझ्या पर्समध्ये असतो तो, स्टोअरमधले पाच प्लग त्यानंच तपासून झालेत.

तर हे सगळं मी कमिटीला समजावायला गेले. गाढवापुढे वाचली गीता! आपले चेअरमन, दुसऱ्या मजल्यावरचे, तुमच्या वेळी खजिनदार होते ते, मला विचारतात, "पॅनल लावले की लाईट जाणारच नाही ना?"

"जाणार. म्हणून बॅटरी."

"मग पॅनल कशाला?"

"बॅटरी भरायला. आणि एरवी जिन्याचं, पंपाचं बिल कमी करायला."

"मग बॅटरी राहू दे ना. बिल कमी करूया."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं चार रविवार. कोणी म्हणालं, पॅनलचे खांब ठोकले की गच्ची गळणार. कोणी म्हणालं, बॅटरी फुटते, मोबाईलवर व्हिडिओ आलाय. एका वहिनींना आमसुलं कुठे वाळवायची याची चिंता, आणि ती आमसुलं दर मे महिन्यात मीही खाते, त्यामुळे माझं तोंड बंद. शेवटी मी म्हटलं, तुम्हाला नको तर नको, मी माझ्या खर्चानं माझ्यापुरते चार पॅनल लावते, एनओसी द्या. तर चेअरमन हात जोडून म्हणाले, "गच्ची सगळ्यांची आहे गं. एकीला दिली तर उद्या सगळे मागतील." म्हणजे सगळ्यांसाठी मागितली तर कोणाला नको, आणि एकीसाठी मागितली तर ती सगळ्यांची.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, अण्णा. रिडेव्हलपमेंट. "अगं, दोन वर्षांत बिल्डिंगच पाडायचीय, कशाला खर्चात पडतेस?" ही दोन वर्षं गेली चौदा वर्षं चालू आहेत. रंग नाही, कारण पाडायचीय. ड्रेनेजचे पाईप नाहीत, कारण पाडायचीय. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवतो, कारण पाडायचीय. तीन बिल्डर आले नि गेले, आता चौथा आलाय. त्याचा एक कागदसुद्धा अजून कुठल्या ऑफिसात सरकलेला नाही, पण नव्या घराच्या टाईल्स मॅट की चकचकीत यावरून तिसऱ्या आणि पहिल्या मजल्यात अबोला आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी कमिटीसमोर आवाज चढवून म्हटलं की टॉवर व्हायचा तेव्हा होईल, पॅनल काढून तिकडे लावता येतात, पण तोवर माणसं जगायची कशी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारीमुळे डोकं फिरलंय हिचं, असं ते मनात म्हणत असणार.

मला राग येतो तो यातलं सगळं आधी पाहिलेलं असल्यामुळे येतो. तुमची मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. इथल्याच एका हॉस्पिटलात वायरमनची कायम जागा होती. तुमचा मित्र अर्ज घेऊन घरी आला होता, फक्त सही करायची होती. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, दिवाळीनंतर मिल उघडतेय, मधेच कशाला सोडू? दर महिन्याच्या एक तारखेला तुम्ही इस्त्रीचे खाकी कपडे घालून गेटवर जाऊन यायचात. दिवाळ्या गेल्या. मी दहावीत होते तेव्हा एकदा शाळेच्या कामाने लालबागला गेले आणि ते गेट पाहून आले. संध्याकाळी जेवताना म्हटलं, "अण्णा, मिल नाही उघडणार. गेटला गवत आलंय." तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि हात धुवायला उठलात. आईनं मात्र लाटणं फेकून मारलं मला. तुमचे ते खाकी कपडे ती त्यानंतरही इस्त्री करतच राहिली. तेव्हाच ठरवलं होतं की आपण आयुष्यात कशाची वाट बघत बसायचं नाही, आणि माझ्यापुरतं मी ते पाळलंय असा माझा समज होता.

आता रविवारचं ऐका. कंपाउंडमध्ये शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मी एक डोकं चालवलं आणि तिथंच माती खाल्ली. लोकांना आई दिसू दे, म्हणजे लाज वाटेल, म्हणून मी तिला खाली आणायचं ठरवलं. नवं लुगडं, नाकात नळी, चाकांच्या खुर्चीशेजारी छोटा सिलिंडर. तुमच्यानंतर घर आईच्या नावावर आहे, मी नुसती सहसभासद. ती हजर नसेल तर माझं मत धरतात, ती हजर असली की तिचं. दर मीटिंगला ती वर असते म्हणून मीच हात वर करते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी बोलले, वीस मिनिटं बोलले. इंजिनीयर मुलीनं बोर्ड आणला होता. खरंच काही जणांचे डोळे आईकडे जात होते आणि खाली वळत होते. मतं घेतली. बाजूनं अकरा. विरोधात अकरा. मी हात वर केला तर सेक्रेटरी अवघडून म्हणाला, "ताई, काकू स्वतः आहेत ना. त्यांचा हात पाहिजे."

मी वळून बघते. आईचे दोन्ही हात मांडीवर आहेत. मला वाटतं, तिला ऐकू गेलं नसेल. मी वाकून तिच्या कानात म्हणते, आई, हात वर कर. ती माझ्याकडे बघते, स्वच्छ बघते, आणि हात काही हलवत नाही. सगळी सोसायटी थांबलेली. बरोबरी झाली म्हणून निर्णायक मत चेअरमनचं, आणि त्यांनी ते कुठे टाकलं हे तुम्हाला सांगायला नको.

घरात येऊन तिला पलंगावर बसवलं, मशीन सुरू केलं, आणि मग माझा तोल सुटला. ज्या बाईसाठी मी चार महिने दारोदार फिरले, तिनंच माझं नाक कापलं. मी ओरडले तिच्यावर, अण्णा, बाहेर ऐकू जाईल एवढी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "ते काचेचे पत्रे एकदा वर बसले की ही माणसा धा वर्सा हलूची नाय."

"न हलू देत. तुला श्वास मिळाला असता."

"माझो श्वास किती रवलो आता?" मग थोडा दम खाऊन म्हणाली, "तू जल्मभर हॉलात निजलंस. येणारो-जाणारो तुझ्या अंगावरसून गेलो. तुका दार लावून घेवक एक खोली नको? माका ती बघून जावचा आसा."

छप्पन्न वर्षांची आहे मी. लग्न केलं नाही, दिवाणावर झोपते, पहाटे दूधवाल्याला मीच दार उघडते, आणि याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तिनं ते इतकी वर्षं मोजत बसावं आणि त्यासाठी स्वतःचा श्वास पणाला लावावा, याचा मला आणखीच राग आला. मावशी मधे पडल्या, म्हणाल्या, "ताई, आता पुरे, त्यांना धाप लागतेय." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

या बुधवारी घरापुरती नवी लिथियमची बॅटरी बसवून घेतली, पॅसेजमधल्या भिंतीवर. त्याला कोणाची एनओसी लागत नाही. आईचं मशीन आणि एक पंखा मिळून पाच-सहा तास निघतील, असं बसवणारा म्हणाला. त्याचं अर्थिंग मी स्वतः तपासलं, ढिलं होतं, त्याच्याकडून परत करून घेतलं. लिफ्टचं काही होणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा खुर्ची, पुन्हा कठडा. ऊन रोज सकाळी गच्चीवर येतं आणि आमसुलं वाळवून निघून जातं.

हे मी स्टोअरच्या जुन्या पॅडवर लिहितेय. पोस्टात टाकायचं नाहीच, पण घरीही न्यायचं नाही, ड्रॉवरला कुलूप लावून ठेवणार आहे, कारण आईच्या हाती लागलं तर तिचंच खरं ठरेल. त्या मीटिंगनंतर बिल्डरच्या माणसानं प्रत्येकाला नव्या घराचा नकाशा वाटला. मी तो तिथंच फाडणार होते. फाडला नाही. त्यात आतल्या बाजूला एक छोटी खोली आहे, पूर्वेला खिडकी असलेली. काल जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी घेऊन बसले आणि पेन्सिलीनं तिथं माझी कॉट आखली. दार उघडताना अडत होती, म्हणून खोडून खिडकीखाली सरकवली.